लक्ष्मीची पावले आणि कर्बाची पाऊलखूण

आश्विन अमावास्येच्या दिवेलागणीला घरोघरी उंबरठ्यापासून देवघरापर्यंत रांगोळीने लक्ष्मीची पावले उमटविली जातात. ही पावले नेहमी घरात येणारीच असतात. बाहेर जाणारी पावले कोणी गृहिणी काढीत नाही. त्याच सांजेला बाजारपेठेत पेढ्यांवर वह्यांचे पूजन होते. कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने 'श्री' लिहिला जातो आणि पाडव्याच्या मुहूर्तावर नव्या वर्षाचा जमाखर्च सुरू होतो. दीपावली हा जसा दिव्यांचा सण आहे, तसाच तो हिशेबाचाही सण आहे, हे आपण पुष्कळदा विसरतो.

आजच्या मंगल प्रसंगी सुज्ञ वाचकांपुढे एका निराळ्या पावलाचा आणि एका निराळ्या वहीचा विषय ठेवावयाचा आहे. नवे कापड, नवे भांडे, नवी दुचाकी, नवे शीतयंत्र अशी वस्तू घरात आली की लक्ष्मीचे पाऊल आत आले, असे आपण मानतो. परंतु त्या वस्तूने कारखान्यापासून आपल्या उंबरठ्यापर्यंत येताना आकाशात एक काळे पाऊल उमटविलेले असते. त्या पावलाची नोंद दुकानदाराच्या वहीत नाही, आपल्या वहीत नाही आणि सरकारच्या वहीतही बहुधा नाही. ही राहून गेलेली नोंद कराच्या रूपाने किमतीत घालावी आणि त्यायोगे लोकांच्या खरेदीच्या सवयी पालटाव्यात, असा एक विचार गेली तीन-साडेतीन दशके जगात आचरणात येत आहे. तो विचार कितपत खरा, कितपत न्याय्य, आणि तो कोठे यशस्वी झाला व कोठे फसला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

काळ्या पावलाचे वजन

शास्त्रज्ञ ज्याला 'कार्बन फूटप्रिंट' म्हणतात, त्याला आपण कर्बाची पाऊलखूण म्हणू. वस्तू घडविताना, वाहून आणताना, वापरताना आणि शेवटी टाकून देताना कार्बन डायऑक्साइडसारखे जे तापवर्धक वायू हवेत मिसळतात, त्यांचे एकूण वजन म्हणजे ही पाऊलखूण. वायूला वजन असते हेच मुळी आपल्या ध्यानात येत नाही. एक लिटर पेट्रोल भरते जेमतेम पाऊण किलो. परंतु ते जळले म्हणजे त्यातून सुमारे २.३ किलो कर्बवायू निघतो. हा चमत्कार नव्हे. पेट्रोलमधील कर्बाचा प्रत्येक अणू जळताना हवेतील प्राणवायूचे दोन अणू आपल्याशी जोडून घेतो. त्यामुळे १२ भार कर्बाचा ४४ भार वायू होतो. आपल्या स्वयंपाकघरातील १४.२ किलोचे गॅसचे नळकांडे रिकामे होईतो सुमारे ४२ किलो कर्बवायू आकाशात गेलेला असतो. नळकांडे रिकामे झाले एवढेच आपल्याला दिसते. ते आकाशात रिते झाले, हे दिसत नाही.

यंत्रयुगाच्या आरंभी हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे प्रमाण सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० भागांच्या पुढे गेले आहे. त्यापासून होणारी हानी खरी आहे. उष्णतेची लाट, अवेळी कोसळणारा पाऊस, वाढणारा सागर यांची किंमत कोणी ना कोणी भरतोच. मात्र ती भरणारा आणि पेट्रोल जाळणारा हे एकच नसतात. एकाने खावे आणि दुसऱ्याने बिल चुकते करावे, असा हा व्यवहार आहे. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर सेसिल पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात याच विसंगतीवर बोट ठेवले. व्यवहार करणाऱ्या दोघांनी तिसऱ्याचे नुकसान केले, तर बाजारातील किंमत खोटी ठरते. म्हणून नुकसानीएवढा कर बसवून ती खरी करावी, हा त्यांच्या विचाराचा गाभा होय. कर्बावरील कराचा सारा वृक्ष या एका बीजातून वाढला आहे.

या कराचा हेतू तिजोरी भरणे हा नव्हे, किंमत खरे बोलू लागावी हा आहे. असा कर खऱ्या अर्थाने यशस्वी झाला म्हणजे त्याचे उत्पन्न हळूहळू घटत जावे. कारण ज्यावर तो बसतो ती वस्तूच लोक कमी वापरू लागतात. आयर्लंडने ४ मार्च २००२ पासून दुकानात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीवर १५ सेंट आकार बसविला. हा काही कर्बावरचा कर नव्हता. पण सवयीवरचा कर होता. माणशी वर्षाला ३२८ पिशव्या वापरणारा तो देश पाहता पाहता २१ पिशव्यांवर आला. पंधरा सेंटांनी कोणी दरिद्री झाला नाही. परंतु पिशवी फुकट आहे ही समजूत त्या पंधरा सेंटांनी मोडली, आणि घरून पिशवी नेण्याची विसरलेली सवय परत आली.

पाने मोजावीत की मुळाशी जावे?

येथे एक व्यावहारिक अडचण उभी राहते. प्रत्येक वस्तूच्या पाऊलखुणेचे माप घ्यावयाचे कसे? ब्रिटनमधील टेस्को या प्रचंड दुकानसाखळीने २००७ साली आपल्या सुमारे ७०,००० वस्तूंवर कर्बाचे माप छापण्याचा संकल्प सोडला. हेतू चांगला होता. पण एकेका वस्तूचे माप काढण्यात महिनेच्या महिने जाऊ लागले, इतर दुकानदार मागे येईनात, आणि २०१२ साली तो संकल्प सोडून द्यावा लागला. एका बिस्किटाच्या पुड्यात गहू कोठला, साखर कोठली, तेल कोठले, भट्टी कोणत्या इंधनावरची आणि मालगाडीने आले की मालमोटारीने, याचा हिशेब करता करता गणकाचीच दमछाक होते.

यावरचा उपाय आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. झाडाला पाणी घालावयाचे तर कोणी पानापानावर शिंपडीत बसत नाही. ते मुळाशी घालतो. जगातला बहुतेक कर्बवायू कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू या तीन मुळांतून वर येतो. खाणीच्या तोंडाशी, बंदरात किंवा शुद्धीकरण कारखान्याच्या दारात त्यांच्या कर्बाच्या वजनावर कर बसविला, की तो आपोआप पोलादात, सिमेंटात, कापडात, बिस्किटात झिरपत जातो. ज्या कारखानदाराने कमी कोळशात काम साधले त्याची वस्तू स्वस्त पडते, ज्याने उधळपट्टी केली त्याची महाग पडते. गिऱ्हाइकाने पाऊलखुणेचे गणित शिकण्याची आवश्यकता उरत नाही. किंमत हेच त्याचे गणित होते.

गुरांच्या पोटातून निघणारा वायू मात्र या तीन मुळांत येत नाही. म्हणून डेन्मार्कने २०२४ साली पशुधनाच्या वायूवरही २०३० पासून कर घेण्याचे ठरविले. असा निर्णय करणारा तो पहिला देश होय.

स्वीडनचा संथ प्रवास

कर्बावर कर बसविण्याचा आरंभ १९९० साली फिनलंडने केला. पाठोपाठ १९९१ साली स्वीडन आले. स्वीडनने आरंभी टनामागे २५० क्रोनर कर ठेवला आणि त्याच वेळी लोकांच्या उत्पन्नावरील कर कमी केला. श्रमावरचे ओझे उतरवून धुरावर ठेवले, असे म्हणा ना. पुढे हा दर टप्प्याटप्प्याने वाढवीत नेला आणि २०२० पर्यंत तो अकराशे क्रोनरांच्या वर गेला. कडाक्याच्या थंडीच्या त्या देशात घर तापविणे ही चैन नव्हे, प्राणरक्षणाची बाब आहे. तरीही तेथील घराघरांतील तेलाच्या भट्ट्या एकामागून एक विझल्या. त्यांची जागा लाकडाचा भुसा व कचरा जाळून साऱ्या वस्तीला नळांनी ऊब पुरविणाऱ्या केंद्रांनी आणि विजेवर चालणाऱ्या उष्णतापंपांनी घेतली. १९९० च्या मानाने देशातील तापवर्धक वायूंचे उत्सर्जन सुमारे एक तृतीयांशाने घटले, आणि त्याच काळात राष्ट्रीय उत्पन्न वाढत राहिले. याचे सारे श्रेय एकट्या कराला देणे उचित नव्हे. जलविद्युत, अणुवीज आणि विपुल अरण्ये ही त्या देशाची जुनी संपत्ती आहे. परंतु दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. कर हळूहळू वाढला, त्यामुळे लोकांना सावरण्यास अवधी मिळाला. आणि जुनी वाट महाग होत असता नवी वाट समोर उपलब्ध होती. ज्याला दुसरी वाटच नाही त्याच्यावर कर बसवून त्याची सवय बदलत नाही, तो केवळ पिळला जातो.

कॅनडाचे आख्यान

पूर्वरंगात सिद्धान्त मांडावा आणि उत्तररंगात आख्यान लावावे, ही आम्हां कीर्तनकारांची रीत आहे. या विषयाचे आख्यान कॅनडात घडले, आणि त्याचा शेवट सुखाचा नाही. म्हणूनच ते अधिक शिकविणारे आहे.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्रिटिश कोलंबिया नावाचा प्रांत आहे. तेथील मुख्य मंत्री गॉर्डन कॅम्बेल यांच्या सरकारने १ जुलै २००८ पासून इंधनावर कर्बाचा कर सुरू केला. टनामागे १० डॉलर हा आरंभीचा दर होता. तो दर वर्षी ५ डॉलरांनी वाढून २०१२ साली ३० डॉलर झाला. पेट्रोलच्या लिटरमागे आरंभी अडीच सेंटांहून थोडा कमी आणि अखेरीस पावणेसात सेंटांच्या आसपास असा हा भार होता. कायद्यानेच असे बंधन घातले होते की या कराचा पैसा सरकारने स्वतःकडे ठेवावयाचा नाही. उत्पन्नावरील करात सूट देऊन आणि अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना साहाय्य देऊन तो लोकांना परत करावयाचा. कर सुरू होण्याच्या सुमारास प्रत्येकाच्या हाती शंभर डॉलर ठेवण्यातही आले.

विरोधकांनी 'कर छाटून टाका' अशी हाकाटी केली. तरी २००९ च्या निवडणुकीत कर बसविणारेच पुन्हा निवडून आले. पुढे अभ्यासकांनी हिशेब केला तेव्हा कर नसता तर जेवढे उत्सर्जन झाले असते त्याहून ते पाच ते पंधरा टक्क्यांनी कमी आढळले, आणि प्रांताच्या एकूण अर्थव्यवहाराला कराने म्हणण्यासारखा धक्का दिला नाही, असा निर्वाळा मिळाला. जगभरचे अर्थशास्त्रज्ञ या प्रांताचे उदाहरण देऊ लागले.

त्यावरून धडा घेऊन पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांच्या केंद्र सरकारने २०१९ च्या एप्रिलपासून, ज्या प्रांतांनी स्वतःची व्यवस्था केली नव्हती तेथे, टनामागे २० डॉलर कर सुरू केला. येथेही उत्पन्नाचा सुमारे नव्वद टक्के भाग कुटुंबांना समसमान परत करावयाचा होता. यातील न्याय एका छोट्या कल्पित उदाहरणाने कळेल. समजा, एका आळीत दोन घरे आहेत. एक घर महिन्याला १० लिटर पेट्रोल जाळते, दुसरे १०० लिटर. लिटरमागे पाच रुपये कर बसला. पहिल्याने ५० रुपये भरले, दुसऱ्याने ५००. जमा झालेले ५५० रुपये दोघांना समान वाटले, तर प्रत्येकाला २७५ मिळाले. पहिल्याला २२५ रुपयांचा लाभ झाला, दुसऱ्याला तेवढाच भुर्दंड पडला. आणि पेट्रोल मात्र दोघांनाही महागच दिसत राहिले, म्हणून काटकसरीची बुद्धी दोघांनाही झाली. गरीब सहसा कमी जाळतो आणि श्रीमंत अधिक. त्यामुळे समान वाटणीत गरिबाचे पारडे वर राहते. कॅनडाच्या संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्यानेही भरलेला कर आणि मिळालेला परतावा यांचा सरळ हिशेब मांडून, बहुसंख्य कुटुंबांना अधिक परत मिळते, असेच सांगितले होते.

मग हा कर टिकला असेल, असे कोणालाही वाटेल. पण तसे घडले नाही.

पेट्रोलपंपावरचा आकडा लोकांना आठवड्याला दिसत होता. परतावा मात्र आरंभी वार्षिक कर-विवरणाच्या कागदांत दडलेला होता. २०२२ पासून तो दर तिमाहीस थेट बँकेत जमा होऊ लागला, पण पासबुकात त्याची नोंद अशा त्रोटक आद्याक्षरांत येई की ती रक्कम कशाची, हेच पुष्कळांना कळेना. २०२४ साली ओंटारिओ प्रांतातील चौघांच्या कुटुंबाला दर तिमाहीस २८० डॉलर मिळत होते. तरी आपल्याला काही मिळत नाही, असे प्रामाणिकपणे सांगणारे लोक थोडे नव्हते. महासाथीनंतरची महागाई आली, घरभाडे आणि भाजीपाला कडाडला, आणि त्या साऱ्याचे खापर या एका करावर फुटले. २०२३ च्या ऑक्टोबरात सरकारनेच घर तापविण्याच्या तेलाला तीन वर्षांची सूट दिली. या तेलाचा वापर मुख्यतः पूर्व किनाऱ्याच्या प्रांतांत होतो. तेव्हा 'त्यांना सूट, मग आम्हांला का नाही?' हा प्रश्न इतरांनी विचारला, आणि तो अनुचित नव्हता. एका अपवादाने नियमाची प्रतिष्ठा गेली.

कर टनामागे ८० डॉलरांवर पोचला असता 'कर छाटून टाका' ही जुनी घोषणा आता साऱ्या देशात घुमू लागली. शेवटी १४ मार्च २०२५ रोजी पंतप्रधानपदाची शपथ घेतल्या दिवशीच मार्क कार्नी यांनी हा ग्राहकांवरील कर रद्द करण्याचा निर्णय केला, आणि १ एप्रिल २०२५ पासून तो संपला. कार्नी हे काही या विचाराचे शत्रू नव्हेत. हवामान आणि अर्थकारण यांच्या संबंधाविषयी बोलणारे ते नामांकित अर्थतज्ज्ञ आहेत. मोठ्या कारखान्यांवरील कर्बाची आकारणी त्यांनी कायम ठेवली. गेला तो सामान्य ग्राहकाच्या पेट्रोलवरचा कर. ज्या ब्रिटिश कोलंबियाने १७ वर्षांपूर्वी हा दिवा प्रथम लावला, त्यानेही त्याच दिवशी तो मालवला. अर्थशास्त्राच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेला हा कर विश्वासाच्या परीक्षेत नापास झाला.

घेतलेले दिसते, दिलेले दिसत नाही

फ्रान्सचा अनुभव याहून कठोर आहे. तेथे २०१४ पासून कर्बाचा कर होता. २०१८ साली तो टनामागे ४४.६० युरो होता आणि २०१९ साली ५५ युरो व्हावयाचा होता. त्यातील बहुतांश पैसा सरकारच्या सामान्य तिजोरीत जात असे. शहरापासून दूर राहणाऱ्या, रेल्वे नसलेल्या गावांतून रोज मोटारीने कामाला जाणाऱ्या कष्टकऱ्याला दुसरी वाट नव्हती आणि परतावाही नव्हता. १७ नोव्हेंबर २०१८ रोजी पिवळी जाकिटे घालून तो रस्त्यावर उतरला. पुढील महिन्यात सरकारने दरवाढ मागे घेतली आणि कर तेथेच गोठला. त्या आंदोलकांना वसुंधरेचे वैरी म्हणणे सोपे आहे. पण त्यांचा प्रश्न वसुंधरेविषयी नव्हता, वाटणीविषयी होता.

स्वित्झर्लंडने २००८ पासून तापविण्याच्या तेलावर व वायूवर कर ठेवला आहे. टनामागे १२ फ्रँकांपासून तो २०२२ साली १२० फ्रँकांपर्यंत गेला. त्यातील सुमारे दोन तृतीयांश रक्कम लोकांना व उद्योगांना परत मिळते, आणि उरलेली मुख्यतः घरे ऊबदार बांधण्याच्या कामी येते. प्रत्येक रहिवाशाचा समान वाटा त्याच्या आरोग्यविम्याच्या हप्त्यातून वजा होतो. व्यवस्था चोख आहे. परंतु तेथेही अनेकांना आपल्याला काही परत मिळते याची गंधवार्ता नसते, असे अभ्यासकांना आढळले. २०२१ च्या जूनमध्ये नवा कठोर कायदा लोकांनी थोड्या मतांनी फेटाळला. हप्त्यातून मुकाट्याने वजा झालेले दान दानासारखे वाटतच नाही.

या ठिकाणी कालिदासाचे स्मरण झाल्याखेरीज राहत नाही. रघुवंशाच्या पहिल्या सर्गात दिलीप राजाच्या करव्यवस्थेचे वर्णन करताना कवीने सूर्याचा दृष्टान्त योजिला आहे. सूर्य पृथ्वीचा रस शोषून घेतो तो सहस्रपटींनी परत देण्यासाठी. तसाच राजा प्रजेपासून कर घेई तो प्रजेच्याच उत्कर्षासाठी. हा दृष्टान्त आपण पाठशाळेत शेकडो वेळा ऐकला. पण कॅनडाची हकीकत वाचल्यावर त्यातील एक मर्म नव्याने उमगते. सूर्याने पाणी नेलेले कोणाला दिसत नाही, आणि पाऊस मात्र सर्वांना दिसतो, अंगावर पडतो, छपरावर वाजतो. म्हणून सूर्याविरुद्ध कोणी मोर्चा काढीत नाही. आजच्या सरकारांनी नेमके याच्या उलट केले. शोषण भर दुपारी, सर्वांच्या डोळ्यांदेखत. आणि पाऊस मध्यरात्री, सारे निजले असता. पाऊस पडला हे खरे. पण सकाळी उठून ज्याला केवळ कोरडे अंगण दिसले, त्याने काय समजावे?

आपल्या अंगणात

हा विषय परदेशाचा आहे असे म्हणून आपल्याला अंग काढून घेता येणार नाही. आपल्या देशानेही कोळशावर अशा प्रकारचा उपकर बसविला होता. १ जुलै २०१० पासून टनामागे ५० रुपये, २०१४ साली १००, २०१५ साली २०० आणि २०१६ साली ४०० रुपये असा तो चढत गेला. त्यातून स्वच्छ ऊर्जेसाठी राष्ट्रीय निधी उभारावयाचा होता. पण गोळा झालेल्या रकमेचा बराच मोठा भाग त्या कामी लागलाच नाही, आणि २०१७ पासून तर हा उपकर वस्तू व सेवा करातील राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळविला गेला. २०२५ साली घटस्थापनेच्या दिवशी, म्हणजे २२ सप्टेंबरला, नवे कर-दर लागू झाले; त्यात हा उपकर संपला आणि कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. वरवर पाहता कर वाढला. पण जो भार कोळशाच्या वजनावर होता तो आता किमतीवर आहे; हलका, राखेचा कोळसा स्वस्त म्हणून त्यावर करही कमी. आकाश मात्र कोळशाची किंमत पाहत नाही, वजन पाहते.

त्याच दिवशी सायकलीवरील आणि सौरऊर्जेच्या उपकरणांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, हे स्वागतार्हच आहे. परंतु लहान मोटारी आणि शीतयंत्रे हीही २८ वरून १८ टक्क्यांवर आली. मध्यमवर्गीयाला दिलासा देण्याचा त्यामागील हेतू समजण्याजोगा आहे. मात्र पाऊलखुणेच्या दृष्टीने पाहता एकाच हाताने एक दिवा लावला आणि दुसरा विझविला, असे झाले. इकडे युरोपीय संघाने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते इत्यादी आयात मालावर त्याच्या पाऊलखुणेप्रमाणे आकार घेण्याची योजना २०२३ च्या ऑक्टोबरात नोंदणीपासून सुरू केली, आणि १ जानेवारी २०२६ पासून ती पूर्णतः अमलात आली. आपल्या पोलादाची पाऊलखूण आपण मोजली नाही तरी गिऱ्हाईक मोजणार, आणि त्याचा पैसा त्याच्या तिजोरीत जाणार.

यावर कोणी म्हणेल, भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन कर्बवायू, आणि अमेरिकन वा कॅनेडियन माणसामागे चौदा टनांच्या आसपास. मग आम्हीच का कर भरावा? हा प्रश्न रास्त आहे आणि तो जागतिक सभांतून ठणकावून विचारलाच पाहिजे. पण हीच विषमता देशाच्या आत, शहराच्या आत, एका आळीतही असते. सायकलीवरून दूध घालणारा आणि माणशी एक मोटार बाळगणारा, हे दोघे त्या सरासरीत एकच होऊन जातात. सरासरीच्या पदराआड श्रीमंताने लपावे, हे न्यायाचे नव्हे.

आणखी एक शंका धर्मबुद्धीच्या वाचकाला येईल. कर भरला की पाप फिटले, असा हा प्रकार तर नव्हे? पैसेवाल्याने पैसे मोजून धूर सोडण्याचा परवाना घ्यावा काय? शंका खरी आहे. कर हे प्रायश्चित्त नव्हे; ती केवळ वहीतील राहून गेलेली नोंद आहे. जे सर्वथा घातक आहे त्याला कर पुरत नाही, तेथे मनाईच हवी. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात शुल्काध्यक्षाची कर्तव्ये सांगताना हा भेद केला आहे. राष्ट्राला पीडा देणारा व निष्फळ माल त्याने येऊ देऊ नये, आणि महान उपकार करणारा माल व दुर्मीळ बियाणे यांना शुल्कच लावू नये. शुल्क म्हणजे केवळ वसुली नव्हे, वस्तूंच्या हिताहिताचा तो निवाडा आहे, ही दृष्टी दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कठोर अर्थवेत्त्यालाही होती.

वहीचे पहिले पान

तात्पर्य, कर्बावरचा कर सवयी पालटतो, हे सिद्ध झाले आहे. मात्र त्यासाठी तीन गोष्टी लागतात. तो मुळाशी बसावा, म्हणजे हिशेब सोपा राहतो. तो हळूहळू चढावा आणि त्याआधी दुसरी वाट खुली व्हावी. बसगाडी नाही तेथे पेट्रोल महाग करणे म्हणजे लंगड्याच्या काठीवर पट्टी बसविणे होय. आणि घेतलेला पैसा लोकांच्या हाती परत पडताना दिसावा, त्याच्यावर त्याचे नाव असावे. तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आहे, आणि तीच सर्वत्र राहून गेली.

कर बसेल तेव्हा बसो. तोपर्यंत आपल्या घरातील वही आपल्याच हाती आहे. पाडव्याला नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' लिहून झाल्यावर शेवटचे एक पान कोरे सोडावे. गॅसची किती नळकांडी, विजेचे किती युनिट, पेट्रोलचे किती लिटर, एवढेच त्यावर महिन्याच्या महिन्याला मांडावे. त्याने लगेच आकाश निवळेल असे नाही. पण जे लिहिले जाते ते दिसू लागते, आणि जे दिसते त्याची लाज वाटू लागते. सवय पालटण्याचा आरंभ तेथूनच होतो. लक्ष्मीची पावले आत येताना काढण्याची आपली चाल जशी आहे तशीच राहो. त्यांच्यामागून जे काळे पाऊल आपल्या नातवंडांच्या अंगणाकडे जात आहे, त्याची नोंद मात्र आजपासून वहीत असावी. ऋण लिहून ठेवणारा माणूस कधीतरी ते फेडतो. न लिहिलेले ऋण पुढच्या पिढीच्या नावे पडते.